नाकाला आधी कळतं

बरेच दिवस बंद असलेल्या घराचं दार उघडलं की पहिल्या एक-दोन श्वासांत आपल्याला आपल्याच घराचा वास येतो. कपाटांतल्या कपड्यांचा, पुस्तकांचा, लाकडाचा, भिंतींचा असा सगळा मिळून झालेला. एरवी तो फक्त पाहुण्यांना येतो. अशा वेळी मी मुद्दाम दारातच थांबते, बॅगही खाली ठेवत नाही. खिडक्या उघडून, हातपाय धुऊन, पाणी पिऊन होईपर्यंत हा वास नाहीसा होणार, हे ठाऊक असतं. हवेत तो असतोच, पण नाकाने त्याची दखल घेणं सोडून दिलेलं असतं.

नाकाचा सगळा स्वभाव मला यात दिसतो. जे आहे तसंच आहे, त्याबद्दल नाक फारसं बोलत नाही. काही बदललं की मात्र ते लगेच वर्दी देतं आणि पुढच्या बदलासाठी पुन्हा मोकळं होतं. ही वर्दी फार थोडा वेळ टिकते आणि बहुतेक वेळा आपण ती ऐकतच नाही. गेली काही वर्षं मी या विषयाच्या मागे लागले आहे. त्याचं कारण आई आहे, तिच्याकडे पुढे येतेच.

आधी हे घडतं कसं ते पाहू. वास येतो म्हणजे त्या वस्तूचे रेणू खरोखरच आपल्या नाकात शिरलेले असतात. दिसतं ते प्रकाशामुळे, ऐकू येतं ते हवेच्या कंपनांमुळे, म्हणजे पाहण्या-ऐकण्यात वस्तू स्वतः दूरच राहते. वासात ती थोडीशी का होईना, आपल्या आत येते. नाकपुड्यांतून आत गेलेल्या हवेतला थोडाच हिस्सा नाकाच्या अगदी वरच्या टोकाला पोहोचतो. तिथे, डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास, दोन्ही बाजूंना काही चौरस सेंटिमीटरची ओलसर त्वचा असते. जोरात हुंगल्यावर वास जास्त येतो, कारण त्या झटक्याने हवा या वरच्या कोपऱ्यापर्यंत चढते. रेणू तिथल्या पातळ चिकट थरात विरघळतात आणि त्या थरात बुडालेल्या बारीक तंतूंना जाऊन भिडतात. हे तंतू गंधपेशींचे असतात, आणि गंधपेशी या थेट मेंदूशी जोडलेल्या चेतापेशी असतात. मेंदूच्या तारा बाहेरच्या हवेला इतक्या उघड्यावर शरीरात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. उघड्यावर असल्यामुळे धूळ, धूर, जंतू यांचा मारा त्या सोसतात आणि मरतातही. पण त्यांच्या जागी नव्या पेशी आयुष्यभर तयार होत राहतात. चेतापेशी एकदा गेली की गेली, असं आपण शाळेत शिकलो होतो. नाकाला तो नियम लागू नाही.

या पेशी वास ओळखतात कशा, हे १९९१ पर्यंत कुणालाही नीट सांगता येत नव्हतं. त्या वर्षी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी गंधाचे रिसेप्टर, म्हणजे रेणूंना पकडणारे पेशींवरचे सूक्ष्म ग्राहक, बनवणारी जनुकं शोधली. उंदरात अशी हजारभर जनुकं आहेत. माणसात त्यांपैकी चारशेच्या आसपास आज कामाची आहेत. बाकीची उत्क्रांतीच्या वाटेत निकामी झाली. २००४ मध्ये या कामाला नोबेल मिळालं. एका पेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर असतो. पण एक रिसेप्टर अनेक रेणूंना प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक रिसेप्टरना जागं करतो. म्हणजे हा सगळा मुळाक्षरांसारखा कारभार आहे, अक्षरं मोजकीच आणि त्यांच्या जुळणीतून होणारे शब्द अगणित. कुठले रिसेप्टर जागे झाले, किती जोरात, कुणाच्या आधी कोण, यावरून मेंदू वास वाचतो.

या वाचनात बारीकसा फरकही किती मोठा ठरतो, ते एकदा स्वतः पाहण्यासारखं आहे. मोगऱ्याचं ताजं फूल घ्या, हाताच्या अंतरावर धरा, मग हळूहळू नाकाला टेकेपर्यंत जवळ आणा. दुरून गोड, हलका वाटणारा वास जवळ येतो तसा दाट होतो आणि शेवटी त्यात काहीतरी जड, किंचित कुजकट असं जाणवतं. फूल कोमेजायला लागलं असेल तर आणखीच. तो इंडोल नावाचा रेणू. विष्ठेतही तो असतो. त्याचं प्रमाण अल्प असेल तर फुलाला खोली येते, वाढलं तर दुर्गंधी. मिरर इमेज म्हणतात तशा, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन रेणूंचाही वास वेगळा येऊ शकतो. कार्व्होन नावाच्या रेणूच्या एका रूपाला पुदिन्याचा वास आहे, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. अणू तेच, संख्या तीच, फक्त डावं-उजवं बदललं. रंगाच्या बाबतीत प्रकाशाची तरंगलांबी कळली की रंग सांगता येतो. रेणूची रचना समोर ठेवून त्याचा वास खात्रीने सांगणं मात्र आजही अवघड आहे. माणसाचा गंध-रिसेप्टर रेणूला कसा पकडून ठेवतो याचं पहिलं तपशीलवार चित्रच २०२३ मध्ये हाती आलं. एवढं जुनं इंद्रिय आणि त्याची ओळख इतकी अलीकडची, याचं मला अजून नवल वाटतं.

गंधपेशींच्या तारा चाळणीसारख्या भोकाभोकांच्या एका हाडातून वर जातात आणि लगेच गंधकंदात, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या मेंदूच्या पहिल्या भागात, पोहोचतात. तिथून पुढचा रस्ता फार जवळचा आहे. बाकीच्या इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमस या मधल्या ठाण्यावर थांबतात आणि मग पुढे पाठवले जातात. वासाचे संदेश ते ठाणं टाळून भीती-आनंदाशी जोडलेल्या अमिग्डलाजवळ आणि आठवणी घडवणाऱ्या भागांजवळ दोन-तीन टप्प्यांत जाऊन पोहोचतात. म्हणून एखाद्या अनोळखी जिन्यात मधेच पाय थबकतो, छातीत काहीतरी हलतं आणि हे कशामुळे झालं ते कळायला वेळ लागतो. भावना आधी येते, कारण मागाहून सापडतं. कधी सापडतच नाही.

नाव तर त्याहून उशिरा सुचतं. डोळे मिटून रोजच्या वापरातली वस्तू हुंगायला दिली तर 'ओळखीचं आहे, पण काय ते आठवत नाही' असं होतं. माणसं तळमळतात अक्षरशः. आणि कुणी नाव सुचवलं की वासच बदलतो. रेचेल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी २००१ मध्ये एकाच मिश्रणाला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं नाव दिलं, एकदा चीजचं, एकदा ओकारीचं. बाटलीतला द्रव तोच होता, पण पहिल्या वेळी लोकांना तो आवडला आणि दुसऱ्या वेळी नकोसा झाला. यावरून नाक फसवं आहे असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वर्दी देणं हे नाकाचं काम, अर्थ लावणं हे आपलं. घोटाळा झालाच तर तो दुसऱ्या टप्प्यात होतो.

शिवाय प्रत्येकाचं नाक वेगळं. घामात सापडणारं अँड्रोस्टेनोन काहींना लघवीसारखं घाण वाटतं, काहींना गोडसर, काहींना त्याचा वासच येत नाही. हा फरक बराचसा एका रिसेप्टरच्या जनुकातल्या बदलांवरून ठरतो, हे २००७ मध्ये सिद्ध झालं. तेव्हा 'मला नाही बाई येत कसला वास' म्हणणारी व्यक्ती बेफिकीर असते असं नाही. तिच्यापुरता तो वास अस्तित्वातच नसतो.

आता आईकडे येते. एका सकाळी मी तिच्याकडे गेले आणि दार उघडताच गॅसच्या वासाने मला मागे ढकललं. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. बर्नरचं बटण फिरलेलं होतं, ज्योत नव्हती.

"अगं आई, गॅस!"

"कुठे?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "मला तर काही येत नाही."

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला हाताला धरून बाहेर आणलं. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही एवढं भान राहिलं. बाहेर उभ्या असताना ती शांतपणे म्हणाली, "फुलांचाही येत नाही हल्ली. मला वाटलं, हल्लीच्या फुलांनाच वास नसतो."

या वाक्याने मला हलवून टाकलं. दिसेनासं झालं की माणूस चष्मा मागतो, ऐकू येईनासं झालं की घरचे ओरडून बोलायला लागतात. वास गेला तर गेलेल्याला पत्ता लागत नाही आणि घरच्यांना तर नाहीच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम इथे ५३ ते ९७ वयाच्या लोकांच्या घ्राणक्षमतेची, म्हणजे वास घेण्याच्या क्षमतेची, तपासणी झाली होती, २००२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. चौघांत जवळपास एकाची क्षमता कमी झालेली होती, आणि ८० च्या पुढच्यांत हे प्रमाण ६२.५ टक्के होतं. पण 'माझा वास कमी झालाय' असं स्वतःहून सांगणारे सगळे मिळून १० टक्केही नव्हते. आई काही जगावेगळी नव्हती.

गॅसला आपल्याला जो वास येतो तो मुळात गॅसचा नसतोच. तो मुद्दाम मिसळलेला असतो आणि त्यामागे एक फार मोठं दुःख आहे. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत, तळघराच्या पोकळीत गळून साठत गेलेला नैसर्गिक वायू पेटला. त्या वायूला वास नव्हता, त्यामुळे कुणालाही काही समजलं नाही. जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर काही महिन्यांतच तिथे वायूत वास मिसळण्याचा कायदा आला आणि ही पद्धत पुढे सगळीकडे गेली. त्यासाठी मर्कॅप्टन वापरतात, गंधक असलेले रेणू. सिलिंडरच्या गॅसमध्ये बहुधा एथिल मर्कॅप्टन असतं. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एखादा भाग असला तरी निरोगी नाकाला कळतं. आपली सुरक्षा आपण आपल्या नाकावर सोपवली आहे, आणि ते नाक चालतं का हे मात्र कुणी तपासत नाही.

या पहारेकऱ्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, तिथे नाक पूर्ण निरुपयोगी. हायड्रोजन सल्फाइड त्याहून घातक रीतीने फसवतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो पोहोचला की काही मिनिटांत घ्राणेंद्रियच बधिर होतं. बंद टाकीत, भुयारी गटारात उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, हवा साफ झाली. तेव्हाच तो सगळ्यात जास्त धोक्यात असतो. आणि झोप. धुराच्या वासाने जाग येईल अशी आपली पक्की समजूत असते. मेरी कार्सकाडन आणि रेचेल हर्झ यांनी २००४ मध्ये झोपलेल्या तरुणांना पुदिन्याचा आणि पिरिडिन या उग्र रसायनाचा वास देऊन पाहिला. गाढ झोपेत कुणी हललंही नाही, आवाजाने मात्र जागे झाले. म्हणून धुराचा गजर वाजणारा हवा. नाक आपल्याबरोबर झोपतं.

आईला मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी नाकात दुर्बिणीने पाहिलं, कारण कोंब, सूज, जुनी सर्दी यांनी हवेची वाटच अडली असेल तर ती मोकळी करता येते. तसं काही नव्हतं. मग त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि त्यातले काही मला त्या वेळी असंबद्ध वाटले. झोपेत हातपाय झाडता का? अक्षर बारीक झालंय का? चालताना दोन्ही हात हलतात का? नंतर समजलं, घ्राणक्षमता जाणं हे पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराचं फार आधीचं लक्षण असू शकतं, हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीचं. आईच्या बाबतीत तसं काही निघालं नाही. वय आणि मागे कधीतरी झालेला विषाणूसंसर्ग, एवढंच त्यांना दिसलं. कोविडने हा विषय घराघरांत नेला. त्या विषाणूचा पहिला घाव गंधपेशींच्या आजूबाजूच्या आधारपेशींवर बसतो, आणि आधार गेला की गंधपेशीही ढेपाळतात.

पार्किन्सन्स आणि वास यांच्या नात्याची दुसरी बाजू मला स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांच्यामुळे कळली. त्या परिचारिका. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं त्यांच्या लक्षात आलं, कस्तुरीसारखा काहीसा उग्र. त्याला पार्किन्सन्स झाल्याचं निदान त्यानंतर दशकभराने झालं. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात गेल्यावर तोच वास खोलीभर आला आणि त्यांना संगती लागली. एडिनबर्ग विद्यापीठातल्या टिलो कुनाथ यांनी त्यांना बारा टी-शर्ट हुंगायला दिले. सहा रुग्णांनी घातलेले, सहा निरोगी लोकांनी. जॉय यांनी सहाही रुग्ण ओळखले आणि निरोगी गटातलाही एक जण रुग्ण ठरवला. एवढी एकच चूक, असं सगळ्यांना वाटलं. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्सचं निदान झालं. त्वचेवरच्या तेलकट स्रावातले रेणू या आजारात बदलतात, हे मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, आणि त्यावरून चाचणी तयार करण्याचं काम पुढे सुरू झालं. एका बाईने आपल्या नाकाची वर्दी वर्षानुवर्षं विसरू दिली नाही, म्हणून हे झालं.

इतकं तीव्र नाक विरळाच. पण सामान्य नाकही आपण समजतो तेवढं मठ्ठ नाही. माणूस वासाच्या बाबतीत कमकुवत, हे मत एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांच्यापासून रुजलं. बाकी मेंदूच्या मानाने आपला गंधकंद लहान, एवढ्यावर ते उभं होतं. २०१७ मध्ये जॉन मॅकगॅन यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहून हा समज खोडला. गंधकंदातल्या चेतापेशींची संख्या पाहिली तर माणूस इतर सस्तन प्राण्यांच्या बरोबरीने बसतो. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीला एक प्रयोग झाला होता. गवतावर चॉकलेटच्या वासाची दोरी अंथरली, लोकांचे डोळे बांधले, कान बंद केले आणि रांगत माग काढायला सांगितलं. ३२ पैकी २१ जणांना तो काढता आला. सरावाने त्यांचा वेगही वाढला. या प्रयोगाबद्दल वाचलं की मला फार आनंद होतो, ही ताकद आपल्यात सतत असते आणि आपण ती वापरत नाही एवढंच.

वापरत नाही असंही नाही म्हणा. नकळत वापरतो. इस्रायलमध्ये २०१५ साली छुप्या कॅमेऱ्याने दिसून आलं की समान लिंगाच्या अनोळखी व्यक्तीशी हस्तांदोलन केल्यावर लोक तो हात जास्त वेळा नाकाजवळ नेतात आणि हुंगतात. त्यांना स्वतःला याचा पत्ता नसतो. काही दिवसांचं तान्हं बाळ आपल्या आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडे तोंड वळवतं, आणि आईही आपल्या बाळाचं झबलं वासावरून निवडते. जेवणाची चव म्हणून आपण जी ओळखतो तीही बरीचशी वासच असते, चावताना घशामागून वर नाकात चढलेला. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रसाळ चव कळते, पुढचं सगळं नाकाचं. आई जेवताना वरून मीठ घ्यायला लागली होती, त्याचा उलगडा मला डॉक्टरांकडून येताना झाला.

काही निरोप मात्र आपल्यासाठी नसतातच, तरी आपल्याला पोहोचतात. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास घ्या. त्याला 'पेट्रिकोर' हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ मध्ये दिलं. त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूंनी बनवलेला. लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी आपल्याला तो कळतो. जिवाणू तो बीजाणू तयार होण्याच्या वेळी सोडतात. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवले जीव त्या वासाने येतात, जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दूर नेतात. २०२० मध्ये हे उलगडलं. म्हणजे ज्या वासाने आपण खिडकीशी धावतो तो मुळात दुसऱ्याच कुणाला घातलेली साद आहे.

आईला डॉक्टरांनी गंध-सराव सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, किमान बारा आठवडे. घाई करायची नाही. एका वासावर काही सेकंद लक्ष द्यायचं, हा वास आठवणीत कसा होता ते मनात आणायचं, मग पुढची बाटली. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण नाकाच्या पेशी नव्याने येत असतात, त्यांना काम दिलं तर त्या जुळायला मदत होते. पहिले काही आठवडे आई नुसती मान हलवायची. निलगिरीला "गार वाटतं" म्हणाली तेव्हा मला आशा वाटली, पण तो गारवा चेहऱ्याच्या दुसऱ्याच नसेचा, वासाचा नव्हे. नंतर एकदा लवंगेच्या बाटलीवर ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "ही काहीतरी आहे." नाव सांगता आलं नाही, पण काहीतरी आहे एवढं आलं. आता लवंग आणि लिंबू तिला वेगळे ओळखू येतात. गुलाब अजून नाही.

मर्कॅप्टनच्या बाबतीत आम्ही तिच्या नाकावर विसंबून राहिलो नाही, गजर बसवला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो गजर जमिनीलगत लावतात. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका, त्याचा गजर छताजवळ. बसवून देणाऱ्याला हे विचारून घ्या. आणि घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना डोळे मिटून रोजच्या तीन-चार वस्तू हुंगायला द्या, एकेक नाकपुडी बंद करून. 'वास येतो का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'कशाचा येतो' ते विचारा. नाव न आठवणं चालेल, चार वस्तू चार वेगळ्या लागल्या पाहिजेत. त्या तशा लागत नसतील, किंवा वास एकाच बाजूचा गेला असेल, तर डॉक्टरांची वेळ घ्या.